दाब एकशे नव्वद

काकूंनी "गीझर बिघडलाय" असे म्हटले, ही या प्रकरणातली पहिली चूक. "पाणी पुरेसे तापत नाही" एवढेच त्या म्हणाल्या असत्या, तर ते निरीक्षण ठरले असते आणि काकांनी ते वहीत तारीखवार नोंदवून घेतले असते. पण "बिघडलाय" हा निष्कर्ष झाला, आणि मोजमाप न करता काढलेला निष्कर्ष काकांना दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागत असे.

"कशावरून?" काकांनी विचारले.

"पाण्यात हात घाला, कळेल."

"हात हे मापनाचे साधन नाही."

"मग पाय घाला," असे म्हणून काकू स्वयंपाकघरात गेल्या.

काकांनी तंत्रनिकेतनाच्या विद्युत विभागात एकतीस वर्षे अध्यापन केले होते. त्यांच्या वर्गात व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स हे शब्द उच्चारणाऱ्याला बाकावर उभे राहावे लागे. शब्द तीनच: दाब, प्रवाह आणि रोध. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, आणि एवढे ज्याला समजले त्याला जगात कोणी फसवू शकत नाही, असे ते पहिल्याच तासाला सांगत. निवृत्तीनंतर ते इमारतीच्या सभांना नियमाने जाऊ लागले. तिथे पाण्याच्या टाकीच्या रंगापासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत प्रत्येक ठरावावर ते लेखी हरकत घेत, त्यामुळे लोक त्यांना "विरोधकाका" म्हणू लागले. काकांच्या कानांवर हे नाव आले तेव्हा त्यांना मनापासून बरे वाटले. वि म्हणजे विद्युत, आणि पुढे रोध. आपल्या विषयाचा इमारतीने असा गौरव केला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ती दूर करण्याचे धैर्य आजवर कोणाला झालेले नाही.

काकूंना गरम पाणी हवे होते ते चैनीसाठी नव्हे. त्यांचा उजवा खांदा दोन महिन्यांपासून आखडला होता. वेणी घालताना हात कानाच्या पलीकडे जात नसे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले होते, की रोज सकाळी आधी दहा मिनिटे खांद्यावर चांगले कढत पाणी घ्यायचे आणि मगच हात वर न्यायचा; कोमट पाण्यावर जोर कराल तर सांधा आणखी रुसेल. आणि गीझर नेमके कोमट पाणी देत होता.

काकूंनी ही गोष्ट आपल्या धाकट्या भावाला फोनवर सांगितली. ही दुसरी चूक. या मेहुण्याचा जगातल्या सर्व यंत्रांवर एकच इलाज होता: नवीन घ्या. त्याने पंखा आवाज करतो म्हणून पंखा बदलला होता, आणि नव्या पंख्याचा रंग शोभत नाही म्हणून भिंत.

"ताई, तू काळजीच करू नकोस," तो म्हणाला. "रविवारी नवा गीझर घेऊन येतो. बसवायला माझा इलेक्ट्रिशियन येईल. भावोजींना म्हणावं, आराम करा."

"आराम करा" हे शब्द काकांना झोंबले. या घरातला प्रत्येक खटका, प्रत्येक तार त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेली. या घरात परका माणूस पक्कड घेऊन येणार, आणि तोही रजेच्या दिवशी, मेहुण्यासमोर.

"गीझर निर्दोष आहे हे मी सिद्ध करीन," काका म्हणाले.

"रविवारपर्यंत करा," काकू म्हणाल्या. "तोवर पाणी तापलं तर तुमचं खरं. नाही तापलं, तर भाऊ जे लावील ते मी लावून घेईन, आणि परत कधी तुम्हाला विजेतलं काही विचारणार नाही. साधा बल्बसुद्धा त्याचा माणूस बदलेल."

तो सोमवार होता. काकांनी वहीचे नवे पान उघडले.

मंगळवारी सकाळी त्यांनी निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला, लाकडी पेटीतला प्रवाहमापक माळ्यावरून काढला. गीझरच्या एका तारेत तो मधोमध जोडला, दाबमापकाची दोन टोके गीझरच्या दोन्ही बाजूंना लावली आणि काकूंना दाराबाहेर वही घेऊन बसवले. उजवा हात दुखत असल्यामुळे काकू डाव्या हाताने लिहिणार होत्या.

"आधी ऐकून घे," काका आतून म्हणाले. "गीझरच्या पट्टीवर लिहिलंय, दाब दोनशे तीस, शक्ती दोन हजार वॅट. दाबाचा वर्ग कर, त्याला शक्तीने भाग. सव्वीस पूर्णांक पंचेचाळीस शतांश. हा याचा जन्मजात रोध. आज तेवढाच भरला तर हा निर्दोष, कमीजास्त भरला तर दोषी. पटतंय?"

"मला हात वर करता येत नाहीये आणि तुम्ही वर्ग करताय."

काकांनी खटका दाबला. दोन्ही काटे हलले आणि स्थिरावले. "दाब एकशे नव्वद," त्यांनी पुकारले.

"काय?"

"दाब. एकशे नव्वद."

"नळ बंद करा, ऐकू येत नाही."

"दाब एकशे नव्वद," काका इतक्या स्पष्टपणे म्हणाले, की तो आवाज न्हाणीघराच्या झरोक्यातून खालच्या मजल्यावर पोचला. तिथे एक निवृत्त परिचारिका राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. चाळीस वर्षे वॉर्डात काढल्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या घरातला कण्हण्याचा आवाज स्वतःच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीआधी ऐकू येई. दोन मिनिटांत त्या रक्तदाबाचे यंत्र काखेत मारून दारात उभ्या राहिल्या.

"किती म्हणालात? एकशे नव्वद?"

"एकशे नव्वद," काका म्हणाले. शेजाऱ्यांना शास्त्रात रस असल्याचे पाहून त्यांना समाधान वाटले. "काटा अगदी स्थिर आहे."

"आणि खालचा?"

काकांनी क्षणभर विचार केला. दोन तारांपैकी वरची दाबाची, खालची परतीची. "खालचा शून्य," ते म्हणाले. "असायलाच पाहिजे."

सिस्टरनी यंत्राची पट्टी उलगडली. "किती दिवस आहे हे असं?"

"निश्चित सांगता येणार नाही. हिच्या लक्षात येऊन दोन महिने झाले."

"आणि कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवायचं कोणाला? मी स्वतः त्यातलाच आहे."

"काकू," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "यांना आधी आडवं करा. घाबरू नका."

काकांना आडवे करण्यात आले. दंडाला पट्टी बांधण्यात आली. आपला मुद्दा विद्युतदाबाचा आहे हे ते सांगत होते, पण सिस्टरचा अनुभव असा होता की एकशे नव्वदला माणूस असंबद्ध बोलतोच. प्रत्यक्षात दाब एकशे चव्वेचाळीस निघाला, आणि तोही निजवल्याच्या संतापाने. तरीही सिस्टरनी दोन आज्ञा दिल्या: जेवणात मीठ बंद, आणि स्टुलावर, शिडीवर, कशावरही चढायचे नाही. दुपारपर्यंत ही वार्ता इमारतभर झाली. संध्याकाळी काका फिरायला निघाले, तर पहारेकऱ्याने खुर्ची पुढे केली.

बुधवारी अळणी नाश्ता करून काका गणिताला बसले. दाब एकशे नव्वद, प्रवाह सात पूर्णांक दोन दशांश. भागाकार सव्वीस पूर्णांक एकोणचाळीस शतांश. जन्मजात रोधापेक्षा अवघा सहा शतांश कमी. तेवढा फरक तर काटा वाचताना मान तिरकी झाल्यानेही पडतो. काकांना गहिवरून आल्यासारखे झाले. गीझर निर्दोष होता. मग गुणाकार: एकशे नव्वद गुणिले सात पूर्णांक दोन, म्हणजे तेराशे अडुसष्ट वॅट. दोन हजारांचे काम करणाऱ्याला पूर्ण दाबच मिळत नव्हता. अर्ध्या तासाच्या कामाला तो बिचारा पाऊण तास राबत होता.

"अर्धपोटी माणसाला आळशी म्हणण्यासारखं आहे हे," ते काकूंना म्हणाले.

काकूंनी वही पाहिली. "म्हणजे पाऊण तासात तापतं पाणी?"

"तापतं."

"मग मी पंधरा मिनिटं आधी लावते ना."

काकांनी चष्मा काढला. "तो उपाय नव्हे. ती तडजोड आहे. शिवाय तपास चालू असताना उपकरण वापरलं, तर निरीक्षणं दूषित होतात." आणि त्यांनी गीझरच्या खटक्यावर चिठ्ठी चिकटवली: "तपास चालू. हात लावू नये." त्या दिवसापासून काकू शेगडीवर पातेल्यात पाणी तापवून डाव्या हाताने ते न्हाणीघरात नेऊ लागल्या. अर्धे पाणी वाटेतच निवत असे. त्या काही बोलत नव्हत्या. बत्तीस वर्षांच्या संसारात काकांनी त्यांच्या बोलण्याची मापे घेतली होती. न बोलण्याचे मापक त्यांच्याकडे नव्हते.

आता दाब कोठे कमी पडतो, हा प्रश्न. काकांनी संशयितांची यादी केली. एक, गीझर: निर्दोष सुटला. दोन, घरातील तारा: या त्यांनी स्वतः टाकलेल्या असल्यामुळे त्या तपासणे म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणे, सबब वगळल्या. तीन, बाहेरून येणारा पुरवठा. यादीत एकच नाव उरल्यावर आरोपी ठरवायला वेळ लागत नाही.

नागरी सुविधा केंद्र चौकातच होते. तिथे सर्व तक्रारींसाठी एकच खिडकी होती, आणि खिडकीमागे एक तरुण कारकून संगणकाच्या पडद्याकडे, आजारी माणसाकडे पाहावे तसा, पाहत बसला होता. काकांनी विषयाच्या जागी "विद्युतदाब अपुरा असल्याबाबत" असे लिहिले होते.

"काका, विषयाला बाराच चौकोन आहेत. एका चौकोनात एक अक्षर."

"हरकत नाही. 'विद्युतदाब अपुरा' लिहा."

"वि... पुढे जोडाक्षर आलं. जोडाक्षर घेत नाही हा."

"कोण?"

"कॉम्प्युटर. द्यु लिहिलं की लाल होतो."

"द्यु हे एकच अक्षर आहे. उच्चारून पाहा."

"मी उच्चारतो हो, हा उच्चारत नाही ना. व्होल्टेज लिहू का? नको, त्यातही दोन आहेत. असं करा, वीज लिहा. साधं, सोपं."

इथे काकांची तत्त्वनिष्ठा आडवी आली. "वीज ही आकाशात चमकते," ते म्हणाले. "तारेत असतो तो विद्युतप्रवाह. अशास्त्रीय शब्दावर मी सही करणार नाही."

मागे रांगेत सहा माणसे होती, त्यांपैकी एकाने घसा खाकरला. कारकुनाने सुस्कारा सोडला. "मग विद्युत गाळू. नुसता दाब तर दाब. 'घरात दाब कमी.' बसतंय बघा बरोबर, तीन चौकोन शिल्लकसुद्धा राहतात."

वाक्यात जोडाक्षर नव्हते, असत्य नव्हते आणि अशुद्धही काही नव्हते. काकांनी सही केली.

शुक्रवारी सकाळी दोघे जण आले. एक वयस्क, एक आडदांड, दोघांच्या हातांत पान्यांच्या पिशव्या. एवढ्या तत्परतेने काका भारावले.

"दाब कमी आहे ना?" वयस्काने विचारले.

"हो. बराच."

"सगळ्या घरात का एकाच जागी?"

"न्हाणीघरात जाणवतो."

"प्रवाह कसा काय?"

प्रवाहाला प्रवाह म्हणणारा सरकारी माणूस काकांना आयुष्यात प्रथमच भेटत होता. "सात पूर्णांक दोन," ते हळुवारपणे म्हणाले.

"असेल," वयस्क म्हणाला. त्याला आकड्यांत गती नव्हती. "मध्ये कुठे रोध वगैरे?"

"रोध मी स्वतः तपासला. सव्वीस पूर्णांक एकोणचाळीस. अगदी योग्य."

"रोध योग्य कसा असेल, काका? रोध असला की काढून टाकायचा."

"काढून टाकला तर घराला आग लागेल," काका म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. या घरातल्या गृहस्थांना एकशे नव्वदचा त्रास असल्याचे पहारेकऱ्याने त्यांना खालीच सांगितले होते. "तुम्ही बसा आरामात," वयस्क म्हणाला, "आम्ही गच्चीवर जाऊन बघतो." काका मागोमाग निघाले, पण जिन्यात सिस्टर आडव्या आल्या. चढायचे नाही असे ठरले होते ना? काका परतले. वर काय होत आहे ते त्यांना कळले नाही. कळले ते पंधरा मिनिटांनी, न्हाणीघरातला नळ घशातून खवळल्यासारखा आवाज करू लागला तेव्हा.

"वाढला ना दाब?" वयस्क कागद पुढे करीत म्हणाला. "गंज साठला होता झडपेत. इथं सही करा, दाब वाढला म्हणून."

काकांनी नळाकडे पाहिले. दाब वाढला, हे विधान सत्य होते. सत्य विधानाखाली सही नाकारण्याचे कारण त्यांना त्या क्षणी सुचले नाही, आणि त्यांनी सही केली. पाऊण तासाने, तो वाढलेला दाब सहन न होऊन, नळाच्या बुडाशी गळती सुरू झाली. ते पाणी लादीतून झिरपत खाली सिस्टरच्या छताला लागले, आणि सिस्टर पुन्हा वर आल्या. या खेपेस यंत्र न घेता.

दुपारी काका खिडकीपाशी उभे राहिले.

"तुमची तक्रार बंद झाली," कारकून म्हणाला. "तक्रारदार समाधानी. तुमचीच सही आहे."

"ते पाणीवाले होते."

"दाब म्हटल्यावर पाणीवालेच जाणार. आता जास्त झालाय का? 'घरात दाब फार' अशी नवी घालू?"

"मला," काका म्हणाले, आणि थांबले. मागच्या रांगेत आज नऊ माणसे होती. "मला विजेची तक्रार करायची आहे."

"मग त्या दिवशीच वीज लिहू दिली असती, तर या कॉम्प्युटरनंच सांगितलं असतं. विजेचं ऑफिस मागच्या गल्लीत. इथं येतच नाही ते."

मागच्या गल्लीतल्या कार्यालयात काकांनी चार पानांचा अहवाल नेला, आकृतीसह. तिथल्या बाईंनी पहिले पान उलटे धरून पाहिले आणि म्हणाल्या, "व्होल्टेज कमी आहे, एवढंच ना? मग तेवढंच लिहून द्या." काकांनी कोऱ्या कागदावर "व्होल्टेज कमी" असे लिहिले. दोनच शब्द. घरी आल्यावर त्यांनी ते पेन दुसऱ्या खणात ठेवले.

रविवारी दहा वाजता मेहुणा खोके घेऊन आला. खोके त्याने दिवाणखान्याच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे ठेवले. "माझा माणूस अकराला येतोय," तो म्हणाला. "काय भावोजी, मीठ सोडलंत म्हणे? ताई, बघ हां, आता यांच्या बोलण्यालाही चव राहणार नाही."

तेवढ्यात घंटी वाजली. दारात वीज कंपनीची टोपी घातलेली एक तिशीची बाई होती, कमरेला हत्यारांचा पट्टा. काकांना प्रथम प्रश्न पडला तो संबोधनाचा. वायरमनबाई हा शब्द अशुद्ध. तारतंत्री हा शुद्ध, पण तो त्यांनी आजवर केवळ प्रश्नपत्रिकेत वापरला होता. बाईंनी हा प्रश्न मिटवला. "तक्रार कुणाची?" एवढेच त्यांनी विचारले आणि थेट मुख्य खटक्यांच्या फळीपाशी गेल्या.

"इथं दोनशे एकतीस. आमच्याकडून पूर्ण येतंय." स्वयंपाकघरात: "दोनशे तीस." मग न्हाणीघरात. "इथंही दोनशे तीस आहे की."

"शक्य नाही," काका म्हणाले.

"बघा ना तुम्हीच."

"बघा ना भावोजी," मेहुणाही म्हणाला. "म्हणजे गीझरच गेला. मी काय सांगत होतो?"

"गीझर चालू करा," काका म्हणाले.

बाईंनी चिठ्ठी बाजूला करून खटका दाबला. आकडा घसरला आणि एकशे नव्वदवर थांबला. त्यांनी तारेभोवती चिमटा लावला. "सात पॉइंट दोन."

आणि त्या क्षणी काकांना सगळे समजले. हे त्यांनी एकतीस वर्षे शिकवले होते. प्रवाह नसताना दाब पूर्ण दिसतो आणि प्रवाह सुरू होताच तो पडतो, तर दोष बाहेरही नसतो आणि उपकरणातही नसतो. तो मधल्या वाटेत असतो. चाळीसचा दाब वाटेत जातो. चाळीस भागिले सात पूर्णांक दोन, साडेपाचाच्या वर रोध, जिथे तो शून्याजवळ असायला हवा. आणि चाळीस गुणिले सात पूर्णांक दोन, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे अठ्ठ्याऐंशी वॅट, एका लहानशा शेगडीइतकी उष्णता, रोज सकाळी घराच्या भिंतीत कोठेतरी. कोठेतरी नव्हे. वाटेत तारांच्या सांध्याची पेटी एकच होती: मार्गिकेतल्या माळ्याखाली, ज्यावर रचलेल्या पाहुण्यांच्या गाद्या पेटीपर्यंत लोंबत होत्या, आणि जिच्याखालून काकू पातेले घेऊन जात.

"बंद करा," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला. "मुख्य खटका बंद करा. माळ्याखालची पेटी उघडा."

बाई स्टुलावर चढल्या. पेटीचे झाकण निघाले, आणि त्याबरोबर काळी भुकटी त्यांच्या टोपीवर पडली. गादीची एक कड करपून तांबूस झाली होती. बाईंनी विजेरी मारली आणि बराच वेळ पाहिले.

"हा सांधा कुणी मारलाय?"

एकोणीस वर्षांपूर्वी तो सांधा मारताना विजेरी काकूंनी धरली होती, आणि "हा माझ्यामागे पन्नास वर्षे टिकेल" हे वाक्यही त्यांनीच ऐकले होते.

"होता एक जुना माणूस," काकू म्हणाल्या.

"त्याला बोलवा आणि दाखवा एकदा."

"नाही तो आता."

"गेला?" बाई जरा वरमल्या. "गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत. पण तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची तार नुसती पीळ देऊन बांधलीय हो. वर चिकटपट्टी. शिकाऊ पोरगंसुद्धा असं करत नाही. नशीब तुमचं, गादी पेटली नाही."

"तुमच्या ओळखीतला होता का, भावोजी?" मेहुण्याने विचारले.

"होता," काका म्हणाले. "फार शिकलेला होता. तेच नडलं."

बाई खाली उतरल्या आणि फॉर्म भरू लागल्या. दोषाचे ठिकाण, पेटी. दोषाचे कारण, "खाजगी मिस्त्रीचे निकृष्ट काम". तक्रारदाराची सही. फॉर्म काकांपुढे आला. त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. काकूंनी त्यांच्या चुकीवर घातलेले पांघरूण उबदार होते, आणि मेहुणा खिडकीतून बाहेर पाहत होता. सही करून मोकळे होणे सोपे होते. पण खाली सही करायची म्हणजे वरचे वाक्य सत्य असायला हवे, हा नियम एवढ्यासाठी मोडायचा, तर मग इतकी वर्षे पाळला कशाला?

"यात चूक आहे," काका म्हणाले.

"कुठे? निकृष्ट नको का?"

"निकृष्ट योग्य आहे." त्यांनी "खाजगी मिस्त्रीचे" यावर एक सरळ रेघ मारली, आणि वर स्वतःचे नाव लिहिले, वडिलांच्या नावासह, पूर्ण. त्यापुढे हुद्दा: "अधिव्याख्याता, विद्युत विभाग, निवृत्त."

बाईंनी वाचले. मग काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, "माझा सांधा आखडला आणि यांचा सुटला. चालायचंच."

मेहुणा हसण्याच्या बेतात होता, पण त्याचे लक्ष करपलेल्या गादीकडे गेले. तो म्हणाला, "म्हणजे नवा गीझर लावला असता, तरी..."

"तरी एकशे नव्वदच," काका म्हणाले. "आणि आणखी वर्षभराने नवं घर."

मेहुण्याने खिशातून फोन काढला आणि आपल्या माणसाला येऊ नकोस म्हणून सांगितले.

"हे खरं तर आमचं काम नाही," बाई म्हणाल्या, "आमचं काम मीटरपर्यंतच. पण हे असं उघडं टाकून जाता येत नाही. तार आहे का घरात?"

तार होती, काकांच्या घरात तार नसणे अशक्य होते. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली आणि थोड्या घुटमळल्या. "सर, तुम्ही करता का? मी थांबते."

काकांनी स्टुलाकडे पाहिले. मग आपली पक्कड बाईंकडे दिली. "तुम्ही करा," ते म्हणाले. "मी विजेरी धरतो."

"सांधा मारणारच नाही मी. इथून गीझरपर्यंत अख्खी तार ओढते."

"योग्य," काका म्हणाले. आणि एक तासभर, एकही सूचना न देता, त्यांनी विजेरी धरली. एकदाच त्यांचे ओठ हलले. तेव्हा काकूंनी त्यांच्याकडे पाहिले, आणि ते पुन्हा मिटले.

सोमवारी सकाळी काकूंनी साडेसहाला गीझर लावला. सातला त्या आत गेल्या. काका दाराबाहेर वही घेऊन बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि दाराच्या फटीतून वाफ.

"तापलं का?" त्यांनी विचारले.

"हो."

"किती? तापमापक मी कोनाड्यात ठेवलाय."

पाणी पडत राहिले. काकांनी पेनाचे टोपण काढून ठेवले होते, ते पुन्हा लावले, पुन्हा काढले.

"अहो," आतून काकू म्हणाल्या, "हात वर गेला."

"कुठपर्यंत?"

"केसांपर्यंत."

काकांनी वहीत तापमानाच्या रकान्यात "केसांपर्यंत" असे लिहिले. पुढचा रकाना एककाचा होता. तो त्यांनी कोरा सोडला.